सप्ताहातली गिटार

१९८२ साली उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नव्या जिल्ह्याच्या वाट्याला कलेक्टर आला, एसपी आला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना एक जॅझ गिटारवाला आला. त्याचं नाव गुरुपादप्पा. तो सिकंदराबादला एका हॉटेलच्या बँडात नोकरीला होता, पण जन्म चाकूरजवळच्या आमच्या आडवळणी गावचा, म्हणून जिल्ह्यानं त्याला आपल्यात धरला. जॅझ म्हणजे काय, हे जिल्ह्यात कुणाला माहीत नव्हतं. तरी सगळ्यांना अभिमान वाटला; अभिमानाला माहितीची गरज नसते. गुरुपादप्पाला, म्हणजे आमच्या गुरूला, ती नोकरी मिळाली कशी, हे मात्र गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

साल बहात्तर. दुष्काळ असा, की विहिरीत उतरलेला माणूस पाय न भिजवता वर यायचा. गुरूचे वडील महादेवप्पा किराणा दुकानदार. त्यांनी पोराला कॉमर्स शिकायला हैदराबादला धाडलं होतं. पोरगा बी.कॉम. झाला आणि सिकंदराबादेतल्या रेल्वेच्या क्लबात बसून गिटारही शिकून आला. महादेवप्पांनी डिग्री बघितली, गिटार बघितली.

"ह्यातलं दुकानात काय कामाला येतंय?"

"दोन्ही न्हाई, अप्पा," गुरू म्हणाला. पोरगा खरं बोलणारा होता.

तेवढ्यात सिकंदराबादच्या एका हॉटेलातले बँडमास्तर लोबोसाहेब यांचा निरोप आला. त्यांचा गिटारवाला मुंबईला पळाला होता. नांदेडच्या एका कापूस व्यापाऱ्याकडं लग्नात वाजवायला ते येणार होते. निरोप असा : दुपारी लॉजवर ये, ऐकतो. सकाळच्या गाडीनं मी परत जाणार. महादेवप्पांनी परवानगी दिली, पण अट घालून : "जमलं तर जा. न्हाई जमलं तर उद्यापास्नं गल्ल्यावर बसायचं, अन् हे लाकूड माळ्यावर."

गुरू नांदेडला निघाला त्या दिवशी गावात पावसासाठी शिवनाम सप्ताहाचा चौथा दिवस होता. सप्ताहाचा नेम असा, की सात दिवस नाम थांबायचं नाही आणि वीणा भुईला टेकायची नाही. एकानं दमावं, दुसऱ्यानं मान पुढं करावी आणि वीणा गळ्यातून गळ्यात जावी. सकाळी वीणा शेषेरावांच्या गळ्यात होती. टाळकरी तल्लीन होते. अशात टँकर आला.

गाव पळालं. शेषेरावही पळाले, कारण घरी त्यांच्याशिवाय घागर धरायला कुणी नव्हतं. पण माणूस नेमाचा पक्का. त्यांनी वीणा खाली ठेवली नाही. तशीच गळ्यात घेऊन टँकरला भिडले. पाणी दीड घागर मिळालं आणि वीणेचा भोपळा चार ठिकाणी फुटला.

देवळात टाळकऱ्यांनी नाम चालू ठेवलं होतं, पण वीणेशिवाय नाम म्हणजे खांबाशिवाय मांडव. नेमका त्याच वेळी गुरू गिटार पाठीला लावून देवाच्या पाया पडायला आला. सप्ताह चालवणाऱ्या सिद्धलिंगस्वामींनी गिटार वरून खालून न्याहाळली.

"तारा हायत. भोपळा न्हाई, पण पोट हाय. चालतंय!" असं म्हणून त्यांनी गिटारीला भस्माचे तीन पट्टे ओढले, बेल वाहिला आणि ती गुरूच्याच गळ्यात पुढून घातली.

गुरूला वाटलं, पाच मिनिटांचं काम. शेजारच्या गावची वीणा येईपर्यंत. त्यानं दोन फेऱ्या वाजवल्या आणि विचारलं, "दुसरी वीणा आली की मी निघू ना, स्वामी?"

"तू नीघ की. गिटार निघायची न्हाई. बेल वाहिलाय तिला. आता समाप्तीपस्तोर हीच."

"अहो, एसटी यायलीय!"

"येऊ दे. शिवापुढं एसटी काय?"

महादेवप्पा देवळाच्या दारात उभे होते. त्यांनी घरच्या माळ्याच्या दिशेनं बघितल्यासारखं केलं. तेव्हा बसम्मा आत्या पुढं आल्या. आत्यांनी आयुष्यात दोन नवरे आणि तीन सरपंच गप्प केले होते.

"स्वामी, वीणा भुईला टेकायची न्हाई, एवढंच ना?"

"हाव."

"अन् नाम थांबायचं न्हाई?"

"हाव."

"मग गावाभाईर न्यायची न्हाई, असं कुठं हाय?"

स्वामींनी डोळे मिटले, शोधलं. तसं कुठंच नव्हतं.

एसटीत बारा टाळकरी, स्वामी, आत्या आणि गळ्यात गिटार घेतलेला गुरू चढले. कंडक्टर भुजंगराव ओरडले, "सामान टपावर!"

"सामान न्हाई ते, वीणा हाय. टपावर टेकली तर पाप कुणाला? महामंडळाला?" आत्या म्हणाल्या.

महामंडळाच्या पापाची जबाबदारी घ्यायला भुजंगराव तयार नव्हते. अहमदपूर सुटलं तेव्हा निम्मी बस नाम घेत होती, लोहा आलं तेव्हा भुजंगराव तिकिटाच्या पेटीवर ठेका धरत होते.

नांदेडच्या लॉजवर लोबोसाहेब बनियनवर बसले होते. दार उघडलं तर टाळांसकट पंधरा माणसं.

"ये सब कौन?"

"साथीला आलेत," गुरू म्हणाला आणि सुरू झाला.

जॅझचं एक असतं : चाल एकच धरायची आणि दर फेरीला तिच्यावर नवं काहीतरी बोलायचं. गुरूनं हे आजवर दुकानामागच्या पोत्यांपुढं केलं होतं, आणि पोती ठेका धरत नाहीत. आज मागं बारा टाळ होते, चार दिवस चालून गरम झालेले, एक मात्रा इकडची तिकडं न होऊ देणारे. ते एकच ओळ म्हणत राहिले आणि गुरू दर फेरीला तिला नव्या दारानं घरी आणत राहिला. कधी ओळीच्या पुढं धावला, कधी मुद्दाम मागं रेंगाळला, आणि समेवर बरोबर हजर. लोबोसाहेबांचा ड्रमवाला टेबल बडवू लागला.

"बस, बस! मान लिया!" लोबोसाहेब म्हणाले.

"बस म्हणता येत न्हाई. अजून तीन दिवस हायत," स्वामींनी समजावलं.

"अरे, पर शाम को शादी में बजाना है! ये कोट तो पहनके देख!"

कोट घालायचा तर गिटार काढायला हवी. काढायची तर कुणाच्या तरी गळ्यात घालायला हवी. टाळकऱ्यांचे हात गुंतलेले, स्वामींच्या हातात भस्म आणि आत्या मुद्दाम मागं सरलेल्या. स्वामींनी लोबोसाहेबांकडं बघितलं. लोबोसाहेब भला माणूस. त्यांनी मान पुढं केली. स्वामींनी त्यांच्या कपाळाला भस्म लावलं.

गुरूनं सावकाश कोट चढवला, बटणं लावली, आरशात बघितलं. कोट बेतल्यासारखा बसला होता.

"हां, अब वापस ले. और सुबह की गाडी से चल मेरे साथ."

"सकाळी न्हाई, साहेब. आज वाजवतो, मग गिटार गावात न्यायची. समाप्ती झाली की येतो."

"तीन दिन? मैं दूसरा आदमी देखूँगा!"

"देखिए," गुरू म्हणाला आणि कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिला.

लोबोसाहेबांनी गिटार पलंगावर ठेवायला हात खाली नेला. बारा टाळकऱ्यांनी, नाम न थांबवता, त्यांच्याकडं बघितलं. हात वर आला.

"इसको कोई लो भाई!"

"तीन दिवस तुम्हीच धरा की. गळा चांगलाय," आत्या म्हणाल्या.

लोबोसाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. स्वतःचा ड्रमवालासुद्धा नामात सामील झाला होता.

"ठीक है, तीन दिन बाद," ते म्हणाले. "नौकरी पक्की."

गुरूनं खिशातले हात काढले आणि मान पुढं केली.