पिशव्या बांधलेले हात

इंदिरानगरातल्या प्रचार कार्यालयात उज्वला दिवसाला चाळीस पोस्टी लिहायची. तिच्या लेखणीला धार आहे, असं सगळे म्हणायचे. ती धार कुणाच्या मानेवर चालते, हे विचारायची तिथं पद्धत नव्हती.

मतदानाला आठ दिवस उरले होते. सकाळी तिच्याकडे घोटीच्या बाजारपेठेतली दहा सेकंदांची क्लिप आली. वर पाटी, 'शब्बीरभाई तांदूळवाले', आणि खाली प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेले दोन हात तांदळाला पांढरी पावडर चोळताना. पावडर बोरिकची, हे उज्वलानं बघताक्षणी ओळखलं. घोटीचीच पोरगी ती. वर्षाच्या तांदळाला कीड लागू नये म्हणून एरंडेल नाहीतर बोरिक चोळतात, हे तिनं दरसाल घरात पाहिलेलं. तरी तिनं लिहिलं, "हे लोक आपल्या ताटात काय कालवतायत? वेळीच ओळखा!" खोटं एक अक्षर नाही, नुसता प्रश्न. स्वतःवर खूशही झाली मेली.

दुपारी तीनला आईचा फोन आला. कुसाबाई कुजबुजत होती.

"उज्वला, मी शब्बीरभाईच्या दुकानात हाय. आतून शटर ओढलंय. भाईर लय माणसं जमलीत गं."

"तू तिथं काय करतेस?"

"आठ दिस झाले, तांदूळ चोळायला येते. तू रागावशील म्हणून बोलले नाय. हाताला भेगा पडल्यात, पावडर झोंबते, म्हणून पिशव्या बांधते. त्याचंच कुणी मोबाईलात घेतलं नि कायबाय लिहिलं. तांदळात इख कालवलं म्हणतात."

मागून शटरवर दणके बसत होते. कार्यालयाचा सगळा कारभार कुंदन बघायचा. उज्वला फोन चालूच ठेवून त्याच्या टेबलाकडे धावली.

"कुंदनदादा, ती घोटीची पोस्ट काढा. आत माझी आई आहे."

"काढून काय होणार? दोनशे ग्रुपांत गेलीय." त्यानं मानही वर केली नाही. "मावशींना म्हणावं, मागच्या दारानं निघा. त्यांना कोण हात लावतंय?"

तिनं आईला तसंच सांगितलं.

"आन शब्बीरभाई? त्याला एकट्याला टाकून निघू व्हय?"

पुन्हा दणका बसला. आता काहीतरी खळकन फुटलं.

"आई, फोन स्पीकरवर टाक. शटरच्या फटीशी धर." उज्वला ओरडायलाच लागली. "ऐका! मी कुसाबाईची उज्वला. ती पोस्ट मी लिहिली! ती बोरिक आहे, तुमच्या घरात चोळतात तीच. मला माहीत होतं, तरी लिहिलं. ते हात माझ्या आईचे आहेत!"

कुंदन ताडकन उठला. कार्यालयात सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिकडे दणके थांबले. "अरे, कुसाबाई हाय आत," असं कुणीतरी म्हटलेलं तिला ऐकू आलं. मग पावलं पांगली. पाटी तेवढी फुटली होती.

फोनवर आईचा आवाज आला.

"पावडर वळखली व्हती तू?"

"हो."

"आन हात?"

"नाही गं. पिशव्या होत्या ना. ओळखले असते तर कशाला लिहिलं असतं?"

"मंजी दुसऱ्या कुणाच्या आईचे असते, तर चाललं असतं," कुसाबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.