सोलमेच्या गालावरची शाई

जिंजू गावात माझ्याकडे नाच शिकलेल्या प्रत्येक मुलीला एक गोष्ट पाठ आहे. चेंडूचा नाच शिकवताना मी ती सांगते. "मनगट सैल पडलं की चेंडू कमानीच्या भोकातून जात नाही. राजमातेच्या साठीच्या मेजवानीत सोलमेचं तसंच झालं. माझा चेंडू गेला, मला फूल मिळालं. तिचा पडला, म्हणून रिवाजाप्रमाणे भर दरबारात तिच्या गालावर शाई लावली."

गोष्ट खरी आहे. फक्त नावं उलटी आहेत.

आम्हा दोघींना त्या मेजवानीसाठी राजधानीत बोलावलं होतं. सरावात माझा चेंडू एकदाही चुकला नव्हता. सोलमे चुकायची आणि वर हसायची. नेमकं त्या दिवशी मी चुकले. शाई काय, धुतली की जाते. पण दरबारी चिताऱ्यांनी त्या मेजवानीचा आठ घड्यांचा चित्रपडदा केला. त्यात रेशमी छत्र्या होत्या, फळांचे उंच मनोरे होते, रांगेनं बसलेले अधिकारी होते. पाचव्या घडीवर नाचणाऱ्या आम्ही. चेहरे सगळ्यांचे एका साच्यातले. पण एकीच्या हातात फूल आणि एकीच्या गालावर मोहरीएवढा काळा ठिपका.

त्याची एक प्रत आमच्या गावच्या मंत्र्यांच्या घरी आली. सारं गाव बघायला लोटलं. त्यानंतर कुठलंही बोलावणं आलं की सोलमे पुढे आणि मी तिच्या मागे.

पुढे सोलमे एका वैद्याशी घरोबा करून नामवॉन गावी गेली. दोन वर्षांनी, दंगलीच्या धामधुमीत, मंत्र्यांच्या घरातून पडदा नाहीसा झाला. त्या दिवशी मी भात दोनदा वाढून घेतला. मग नावं उलटी केली. चाळीस वर्षं कुणी हरकत घेतली नाही.

यंदा मंत्र्यांच्या नातवाला त्या चित्राचा कच्चा आराखडा सापडला. पडदा पुन्हा करून घ्यायचा, आणि या खेपेला जिंजूच्या दोघींची नावं शेजारी लिहायची, असं त्यानं ठरवलं. चितारी आला. नामवॉनहून सोलमेही आली.

"मोरान, वाळलीस गं," ती म्हणाली. "मुली जेवू देत नाहीत वाटतं."

"आणि तू वैद्याची सगळी शक्तीची औषधं एकटीच खाल्लीस वाटतं."

"वैद्य गेले, औषधं उरली. वाया कशी घालवायची?"

दारात जमलेल्या माझ्या मुली खळखळून हसल्या. माझ्या बोलण्यावर त्या अशा कधी हसल्या नव्हत्या. सोलमेचे दात अजून सगळे जागेवर होते. तेही मी मोजले.

एकीनं तिला विचारलंच, "सोलमेआजी, शाई लावली तेव्हा तुम्ही रडलात का हो?"

सोलमेनं माझ्याकडे पाहिलं. मी आराखड्याकडे पाहिलं.

चिताऱ्यानं बोट ठेवलं. "हा ठिपका कुणाचा?"

"राजा तुम्ही चित्रात काढत नाही," मी म्हणाले. "आसन रिकामं ठेवता. तसं तिथलं नावही रिकामं सोडा."

"आजी, तुम्ही राजा नाही."

"माझं लिहा," सोलमे म्हणाली. रिकामा वाडगा पुढे सरकवावा इतक्या सहज.

गप्प बसले असते तर सुटले असते. चाळीस वर्षांची गोष्ट पक्की झाली असती. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उपकाराचा आवही नव्हता. माझ्याच मुलींसमोर ती माझं खोटं पदरात घेऊन बसली होती, आणि तिला ते जडही वाटत नव्हतं. माझ्या छातीत जे पेटलं तो पश्चात्ताप नव्हता. तो जुनाच जळफळाट होता.

"तिचं लिहू नका," मी म्हणाले. "ठिपका माझा आहे. मी चुकले होते. मुलींना मी खोटं सांगत आले."

"राहू दे गं," सोलमे हळूच म्हणाली. "मला काय फरक पडतो."

"तुला पडत नाही, तेच तर मला सोसत नाही."

मुलींच्या नजरा सोलमेवरून उठून माझ्यावर आल्या. चिताऱ्यानं कुंचला शाईत बुडवला.

"उजवा गाल," मी त्याला म्हटलं. "तुमच्या आराखड्यात डावा दाखवलाय."