हात दाखवला की ब्रेक

बत्तीस वर्षं एस.टी. चालवली मी, यावल डेपोत. कुणाच्या कोंबडीलासुद्धा धक्का नाही लागला. आणि आता म्हणे मोबाइल मला मार्क देणार! शंभरात चोपन्न! मला, प्रेमराज ड्रायव्हरला!

गाडी सुनेची, सुलक्षणाची. ती जळगावला बँकेत आहे. विमा कंपनीने नवीच टूम काढलीय: चालवणाऱ्याचे मार्क मोबाइलने मोजायचे. मार्क चांगले तर हप्ता कमी, वाईट तर जास्त. तिला अठ्ठ्याऐंशी.

"आबा, महिनाअखेर सत्तर झाले नाहीत तर किल्ली माझ्याकडे," ती म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. किल्ली गेल्यावर काय ओट्यावर बसून माशा मारू?

मार्क कुठे जातात ते बघायला ती एकदा शेजारी बसली. एरंडोलपर्यंत मी सात वेळा कचकन ब्रेक मारला. सातही वेळा रस्त्याकडेला कुणीतरी हात वर केला होता. ‘हात दाखवा, एस.टी. थांबवा’ हे आमच्या पायातच मुरलेलं. सातवा गडी तर ज्वारीवरची पाखरं हाकलत होता!

सुलक्षणाची हसून हसून मुरकुंडी वळली. "आबा, ही एस.टी. नाही हो! असा ब्रेक मारला की कंपनीला वाटतं, हा बाबा कुठेतरी धडकणार."

मग मी पायाला वेसण घातली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकोणसत्तर झाले. उरलेला एक मार्क मिळवायला दोघं धुळ्याला निघालो.

फागण्याच्या अलीकडे एका म्हातारीने हात केला. डोक्यावर गाठोडं, वर रणरणतं ऊन. मी दातओठ खाऊन गाडी पुढे काढली. खरं सांगतो, रिटायर झालो त्या दिवशीही इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"आबा!" सुलक्षणाच ओरडली. "अहो, म्हातारी होती! थांबवा ना!"

आरशात बघितलं, मागून एकही गाडी येत नव्हती. कचकन!

मोबाइल वाजला. सदुसष्ट. मी गाडी बंद केली आणि किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

तेवढ्यात म्हातारी धापा टाकत येऊन मागे बसली. "भाऊ, धुयानं तिकीट कितलं शे?"

सुलक्षणाने किल्ली माझ्याच मुठीत कोंबली.

"तिकीट मी भरतेय, अक्का. वर्षभराचं, विमा कंपनीत," ती म्हणाली. "आबा, डबल बेल! चला."