खणावरचे दोन डाग

माझ्या थोरल्याला, बद्रीनाथला, एक खोड आहे. काही मोडलं की तो मोडलेल्या वस्तूकडं बघत नाय, आधी आजूबाजूला कोण उभं आहे ते बघतो. पाचवीत होता तेव्हा त्यानं मोसंबीच्या बागेतलं इंजिन पाण्याविना चालवून जाम केलं अन् सांगितलं, कृष्णानं हात लावला होता. कृष्णा तेव्हा चार वर्षांचा, त्याचा हात हँडलला पुरत नव्हता. तरी मालकांनी, पोरांच्या बापानं, कृष्णालाच दटावलं, अन् मी गप बसले. थोरल्याला चारचौघांत खाली पाडायचं नाय, अशी आमच्यात रीत. आता बद्री सत्तेचाळीसचा आहे. पांढरे कपडे घालतो, बिडकीनच्या रस्त्याला त्याचं प्लॉटिंगचं ऑफिस आहे. खोड तीच.

जीप मालकांची. बिडकीनकडची जमीन कारखान्यांना गेली अन् आम्ही संभाजीनगरात सातारा परिसरात घर बांधलं, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर ती बी आली. मालक गेल्यावर लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. सीटमधी मांजर व्यायली, तरी कोणी हटकलं नाय.

धाकटा कृष्णा वाळूजला कंपनीत फिटर. एका रविवारी त्यानं जीपचं बॉनेट उघडलं, ते चार वर्षं मिटलंच नाय. लोकांची पोरं सुट्टीला सासुरवाडीला जातात, आमचं जीपखाली जायचं. जेवायला हाक मारली तर नुसते पाय हलायचे. जुन्या बाजारातून एकेक भाग शोधून आणायचा, नाय मिळाला तर स्वतः बनवायचा. ब्रेकचं पेडल कुठं मिळंना, तर जाड पत्रा कापून त्यानं घरीच केलं, मागून दोन नट आवळले. मला दाखवून म्हणाला, "आई, असं पेडल अख्ख्या जिल्ह्यात नाय." मी म्हणाले, "देव करो अन् नसोच." मनातून मात्र लई बरं वाटलं.

यंदा आरटीओत तिचं पासिंग झालं अन् पोराला पंख फुटले. वाळूजच्या रस्त्याला पत्र्याचं एक शेड त्यानं बघून ठेवलं. कंपनी सोडायची, जुन्या गाड्या उभ्या करून द्यायचं गॅरेज टाकायचं. तिघांनी गाड्या द्यायचं कबूल बी केलं, ते ही जीप बघूनच.

दसऱ्याला मी तिची पूजा केली. आमच्यात नव्या गाडीचा पहिला नारळ घरी फोडत नाहीत. खणात बांधून गाडीतच ठेवायचा, पहिली फेरी साताऱ्याच्या खंडोबाला न्यायची अन् तिथं वाहायचा. गाडी नवी नसली म्हणून काय झालं, जन्म तर नवाच होता. मी हिरव्या खणात नारळ बांधला अन् स्टेअरिंगखालच्या दांड्याला गाठ मारली.

कृष्णा म्हणाला, "आई, तिथं नको. पायात येईल. मागच्या सीटवर ठेव."

"देवाला काय मागं बसवतात व्हय रे? तू तुझं पान्याचं बघ, मला देवाचं शिकवू नको."

तो हसला अन् आपट्याची पानं घेऊन गल्लीत सोनं वाटायला गेला. आल्यावर आम्ही खंडोबाला निघणार होतो.

तेवढ्यात बद्री आला. बाहेर त्याच्या मोटारीत दोन गिऱ्हाइकं बसलेली. खुंटीवरची चावी घेतली अन् म्हणाला, "आई, एक चक्कर मारून आणतो. पार्टीला बापाची जीप दाखवतो." मी म्हणू शकले असते, की आधी देवाला जाऊ दे. म्हणाले नाय. पांढऱ्या कपड्यातला माझा थोरला बापाच्या जागेवर बसला, हे बघून मीच फुगले होते.

अर्ध्या तासात फोन आला. वळणावरच्या पुलाचा कठडा तोडून जीप नाल्यात तोंडावर बसली होती. एका गिऱ्हाइकाचं मनगट मोडलं, बद्रीच्या कपाळाला तीन टाके. जीपचं नाक आत गेलं, चासी वाकली. अन् बद्री पुलावरच सगळ्यांना ओरडून सांगत होता, "ब्रेकच लागला नाय! घरच्या घरी बनवलेले ब्रेक, दुसरं काय होणार?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला ते पाठ झालं. बद्री टाके दाखवत फिरला. कबूल झालेल्या तिघांपैकी दोघांनी आठवड्याच्या आत कृष्णाला नकार कळवला, तिसऱ्यानं फोन उचलणं सोडलं. जीप उचलून मुनीरभाईच्या गॅरेजात नेऊन टाकली. मुनीरभाई मालकांच्या वेळचा मिस्त्री. मी कृष्णाला म्हणाले, जाऊन बघ तरी काय झालं ते.

"काय बघू, आई? माणूस मेला असता. मीच कुठंतरी कमी पडलो असंल."

त्यानं तिकडं पाऊल टाकलं नाय. शेडवाल्याला बी सांगून टाकलं, दुसरा भाडेकरू बघा.

कोजागिरीला थोरल्या सुनेनं, मंजुषानं, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा पाठवला. डबा माझ्याच हिरव्या खणात बांधलेला. फोनवर म्हणाली, "दसऱ्याचाच नारळ आहे, आई. यांनी गाडीतून आणला होता. तडकलेला होता म्हणून लगेच वड्या केल्या." खणावर दोन काळे गोल डाग होते, शेजारी शेजारी, मधी चार बोटांचं अंतर. मी म्हणाले, बाईला एवढ्या वर्षांत खण धुता येईना. पण आतून बरं वाटलं, की एवढ्या गडबडीत पोरानं देवाचा नारळ तेवढा सांभाळून आणला. दोन वड्या खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, चांगल्या झाल्या होत्या.

मग जीपचं काय करायचं, हे निघालं. बद्रीचं ठरलेलंच होतं. "सुटी करून विकू. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं घेणारी पार्टी माझ्याकडं आहे. राहिलं ते भंगारात." माझा भाऊ म्हणाला, ताडपत्री टाकून ठेवा, पुढचं पुढं बघू. मला ती उभी राहायला हवी होती. कृष्णाला विचारलं तर म्हणाला, "विका. मला दिसायला नको."

ज्याला गाडी वीस दिवसांपूर्वी प्यारी होती तो असं म्हणतो, अन् ज्याला तिचं कधी पाणी बघावंसं वाटलं नाय त्याला विकायची एवढी घाई. मला झोंबलं. मी रिक्षा केली अन् मुनीरभाईकडं गेले.

तो म्हणाला, "अम्मा, चासी सीधी हो जाती. टैम लगता, मगर हो जाती."

"अन् ब्रेक?"

"ब्रेक को क्या हुआ?" त्यानं आत हात घालून पेडल दाबलं. "देखो, एकदम टैट. किसने बोला फेल था करके? ऐसा काम मेरे से भी नईं होता. ये किसका है?"

"माझ्या कृष्णाचं."

तो पेडलची मागची बाजू दाखवायला लागला तशी मी वाकले. मागं दोन नट, शेजारी शेजारी. मी बोटं लावली. मधी बरोबर चार बोटं. एका नटाच्या खाचेत काथ्याचा धागा अडकलेला, नारळाच्या शेंडीचा.

रिक्षावाला तसाच थांबवलेला होता. घरी जाऊन खण घेऊन आले. पेडलच्या मागं धरला. दोन डाग दोन नटांवर असे बसले, जसे काही माप घेऊन शिवलेत. माझी गाठ सुटली होती, नारळ खणासकट घरंगळत पेडलखाली गेला होता. बद्रीनं जोर लावला तेव्हा पेडल नारळावर टेकलं अन् तिथंच अडलं. ब्रेक लागायला जागाच उरली नव्हती.

मुनीरभाईनं खण बघितला, माझ्या तोंडाकडं बघितलं अन् हात पुसत लांब गेला.

मी आधी कृष्णाला सांगितलं. खण त्याच्या पुढ्यात ठेवला अन् म्हणाले, "गाठ माझी होती. तू नको म्हणाला होतास."

त्यानं त्या दोन डागांवरून अंगठा फिरवला. "म्हणजे दादानं पायाखालून नारळ काढला. खणासकट घरी नेला. त्याला तिथंच कळलं होतं, आई."

"व्हय."

"अन् मग वर येऊन बोलला."

"व्हय."

मला वाटलं आता उठंल, पाना घेईल. म्हणाले, "चल मुनीरभाईकडं. चासी सरळ होईल म्हणतो."

"नाय आई. जीप काय, होईल. पण आता माझा हात चालणार नाय." अन् वाळूजच्या बसची वेळ झाली म्हणून डबा घेऊन निघून गेला. मी दारात उभी राहून बघत होते. चालताना बी पोरगा आता खाली बघतो.

रविवारी बद्री आला. गल्लीत टेम्पो उभा, विकत घेणारा आत बसलेला. कृष्णा ओट्यावर होता. बद्री खुर्चीत बसत म्हणाला, "आई, आरसी बुक काढ. आजच उरकून टाकू."

मी आरसी बुकाऐवजी खण त्याच्या मांडीवर ठेवला, डाग वर करून.

त्यानं बघितलं. कपाळाचे टाके निघाले होते, तरी हात तिथं गेला. मग त्यानं ओट्याकडं बघितलं, कृष्णाकडं. मग माझ्याकडं. आजूबाजूला कोण उभं आहे, ते.

"पार्टी बसली होती गाडीत," तो म्हणाला. "काय सांगू त्यांना, पायात नारळ आला म्हणून? हसली असती. माझं ऑफिस चाललं असतं का? अन् आई, नारळ कोणी बांधला होता? तू. चारचौघांत तुझं नाव घेऊ का मी? तुलाच वाचवलं ना."

खोटं नाय सांगत, त्यातला निम्मा भाग खरा होता. त्याला तेवढं पुरतं, आधीपासून पुरत आलंय.

ओट्यावरून कृष्णा म्हणाला, "जाऊ दे आई. देऊन टाक कागद."

"तू गप," मी म्हणाले. टेम्पोतल्या माणसाला हात करून सांगितलं, जा बाबा, इथं काही विकायचं नाय. टेम्पो वळेपर्यंत थांबले. दार मुद्दाम उघडंच ठेवलं, शेजारची करुणा कपडे वाळत घालता घालता थबकली होती, थबकू दिली. मग थोरल्याला चारचौघांत म्हणाले:

"बद्र्या, ऐक. जीप सुटी होणार नाय. अन् दुरुस्त करायची तर ज्याचे हात लागतात, त्याच्या हातातला जीव तू काढून घेतलास, म्हणून ती आत्ता दुरुस्त बी होणार नाय. ती क्रेननं उचलून तुझ्या ऑफिसापुढं उभी राहील, फुटकं तोंड रस्त्याकडं करून. ती जागा माझ्या नावावर आहे, विसरू नको. प्लॉट बघायला येणारा विचारील, हिला काय झालं. मी बी तिथं खुर्ची टाकून बसंन. खण माझा, गाठ माझी, नको म्हटलेलं ऐकलं नाय ते बी मीच, हे मी माझ्या तोंडानं सांगीन. नारळ लपवून भावाचं नाव कोणी घेतलं, ते तू तुझ्या तोंडानं सांगायचं. रोज. ज्या दिवशी कृष्णाला वाटंल त्या दिवशी तो येऊन तिला घेऊन जाईल, नाय वाटलं तर तिथंच गंजू दे. तोवर तिच्या एका नटाला जरी हात लावलास, तर या दारात पाव्हणा म्हणून ये, पोरगा म्हणून येऊ नको."