आयत्या वेळचे विषय

आमच्या महाविद्यालयाचा तिसरा मजला मंगळवारी ठरावाने रद्द झाला. तेव्हा वर भूगोलाचा तास चालू होता. मुलं वह्या घेऊन छतातून खाली उतरली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांशेजारी दाटीवाटीने बसली. कुणी ब्र काढला नाही. अंतर्गत परीक्षेचे गुण अजून भरायचे होते.

मी गायधनी, संस्थेचा लेखनिक. संस्थेला दोन अध्यक्ष आहेत, थोरले टेमघरे आणि धाकटे टेमघरे, सख्खे भाऊ. खरा अध्यक्ष कोण, हा दावा नऊ वर्षं कोर्टात पडून आहे. निकाल लागेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, असा दोघांच्याही वकिलांचा सल्ला आहे. म्हणून थोरले खुर्चीत बसतात आणि धाकटे त्यांच्या मांडीवर. दर तारखेला अध्यक्षांची खोली वीतभर आखडते. आपसात ते बोलत नाहीत.

"याला सांगा, मला वारा लागत नाही," थोरले म्हणतात. मी धाकट्यांना सांगतो.

"त्यांना सांगा, लागायचा नाहीच," धाकटे म्हणतात. मी थोरल्यांना सांगतो. यालाच आमच्याकडे प्रशासन म्हणतात.

सभेचं इतिवृत्त सभेआधीच लिहून सह्या घ्यायची आमची पद्धत आहे. शेवटी मी चार ओळी कोऱ्या सोडतो, आयत्या वेळच्या विषयांसाठी. वही कपाटात ठेवली की त्या ओळी आपोआप भरतात. अक्षर माझंच असतं. सभेत मी ते वाचून दाखवलं की तसं होतं. तिसरा मजला असाच गेला.

बुधवारी दुधगावकर मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. त्या तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतात. माझी मुलगी रेवती तो विषय त्यांच्याच हाताखाली शिकली. दोन्ही भावांना बाजूला करून प्रशासक नेमा, असा अर्ज त्यांनी कोर्टात केला होता.

"गायधनी, उद्याच्या सभेला ओळी सोडू नका. कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारा. एवढंच मागते."

"बघतो, मॅडम."

"बघू नका हो. मारा."

रेघ मारायला कितीसा वेळ लागतो? पण रेवतीच्या नेमणुकीचा अर्ज दोन्ही साहेबांच्या खिशात होता. मी पट्टी हातात घेतली, खाली ठेवली आणि चार ओळी सोडल्या.

गुरुवारी खोली इतकी आखडली होती की सभासद भिंतींना पाठ लावून उभे होते. वही छातीशी धरून मी शेवटचा ठराव वाचला. "प्रा. दुधगावकर या संस्थेत कधीही नव्हत्या." नऊ वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही साहेब एकदम "मंजूर" म्हणाले. थोरल्यांनी धाकट्यांना पोटाशी धरलं. पेढे आधीच आणून ठेवले होते. मला स्वतःची किळस आली, आणि मी पेढा खाल्ला.

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्या साडीतून मागचा जिन्याचा कठडा दिसू लागला होता.

"सही तुमचीच ना?"

"लेखनिकाची लागतेच, मॅडम."

"अक्षर चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. मग नुसता कठडा उरला.

दुपारी रेवतीची मुलाखत होती. ती आत आली तेव्हा खोलीत खुर्ची आणि आम्ही दोघं एवढंच मावत होतं. धाकट्यांनी खिडकीतल्या कुंडीतलं एक पान तोडून तिच्या हातात दिलं.

"हे कशाचं?"

"याला सांगा, फारच सोपं विचारलंस," थोरले मला म्हणाले.

एम.एस्सी.ला पहिली आलेली माझी मुलगी पान उलटंपालटं करत राहिली. तिने ते उजेडात धरलं, हुंगलं, मग माझ्याकडे वळली.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "हे खायचं असतं का?"