सांजेचा शब्द

उज्मानं लिहून घेतलेली ओळ मोठ्यानं वाचली आणि एका शब्दावर पेन टेकवलं.

"सांज येते चाचपडत, टेकडीच्या कडंकडंनं... आप्पा, इथं 'हळूहळू' घेऊ या का? कानाला गोड लागतं."

लिंबागणेशच्या माळावर शेळ्या राखता राखता आप्पाराव कविता रचायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून गॅरेजवाल्या कलीमची ही मुलगी कॉलेजच्या अंकासाठी दर वर्षी येऊन त्या उतरवून घ्यायची.

"न्हाई," तो म्हणाला. "हळूहळू म्हणलं की मजेत आल्यावानी वाटतं."

"मग ही कशी येते?"

"भीत भीत. पाय कुठं पडंल ह्याचा भरवसा न्हाई तिला."

दाराशी शेंगा फोडत बसलेल्या त्याच्या बायकोचा, रतनबाईचा, हात थांबला.

उज्मा वहीची मागची पानं चाळत होती. तिथं सांज कधी केशरी होती, कधी करडी; एकदा तर जांभळाच्या रसासारखी माळभर सांडली होती.

"या वेळी एकही रंग नाही बघा," ती सहज म्हणाली. "नुसते आवाज आणि वास."

"कवा कवा तसंबी जमतं," म्हणत आप्पारावानं तोंड फिरवलं.

रतनबाईला गेले दोन महिने आठवले. रोजच्या उंबऱ्याला त्याला लागलेली ठेच. शेळ्या मोजायचं काम त्यानं तिच्यावर टाकलं, तेव्हा आळस चढलाय म्हणून ती केवढी तडतडली होती.

"त्यो शब्द हाय तसाच ऱ्हाऊ दे, पोरी," ती म्हणाली.

सकाळी तिनं शेळ्या शेजारच्या बजरंगच्या हवाली केल्या आणि नवऱ्यापुढं धुतलेला सदरा ठेवला.

"कावून?"

"बीडला जायचंय. डोळ्याच्या दवाखान्यात."

सदऱ्याची बटणं लावायला त्याला बराच वेळ लागला. फाट्यावर पोचल्यावर मात्र त्यानं हळूच विचारलं, "बजरंगला काय सांगितलंस?"

"माझे डोळे दाखवायचेत म्हणलं. तुमी सोबतीला येताय."

एसटी आली. रतनबाई आधी चढली, वळली आणि तिनं हात खाली केला.

"सांभाळून चढ गं," आप्पाराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि तिचा हात घट्ट धरून त्यानं पायरीवर पाय ठेवला.