खर्जरावांचे व्हॉल्व्ह

बेसचा आवाज मेलाय, असं बाबांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा कपाटातले काचेचे पेले किणकिणत होते. बाबांनी बेस गिटारची जाड तार छेडली की पेले एकमेकांना लागत, खिडकीचं तावदान थरथरे आणि खालच्या मजल्यावरच्या काकू झाडूचा दांडा छताला ठोकून आपलं मत कळवत.

"मेलाय कसला?" आई म्हणाली. "इतका जिवंत आवाज दुसऱ्या कुणाच्या घरात नसेल."

"तुला नाही कळायचं. पोट गेलंय त्याचं. नुसता वरवर वाजतोय."

आई धाकटीकडे बघून हसली. धाकटीही हसली. थोरली लग्न होऊन दूर गेल्यावर घरात ही एकटीच उरली होती, चांगली नोकरीला लागली होती, तरी तिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं.

गिटारचा आवाज मोठा करणारा बाबांचा अँप धाकटीपेक्षा वयानं मोठा. मागची जाळी काढली की आत चार मोठे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे, पण अंगानं दांडगे. चालू केल्यावर ते हळूहळू तापत, नारिंगी होत, आणि मगच आवाज येई. तरुणपणी बाबा आणि त्यांचे तीन मित्र सुट्टीच्या दुपारी एका क्लबच्या हॉलमध्ये नाचणाऱ्यांसाठी वाजवायचे. गाणारा, पियानोवाला, ड्रमवाला आणि बाबा. सगळ्यात खालचे सूर बाबांकडे, म्हणून मित्रांनी त्यांचं नाव खर्जराव ठेवलं होतं.

आता ड्रमवाला कायमचा गाव सोडून मुलाकडे राहायला निघाला होता. त्याआधी एकदा त्याच हॉलमध्ये चौघांनी वाजवायचं ठरलं, आणि तेव्हापासून बाबांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते अँपभोवती फिरत. बटण पिळत, वाजवत, मान हलवत. पुन्हा पिळत. "त्याला जायच्या आधी हे ऐकवू?" म्हणत.

कानात काही दोष असेल अशी शंका घ्यायला जागाच नव्हती. स्वयंपाकघरात चमचा पडला तरी त्यांना बाहेरच्या खोलीत कळे. फोनची घंटा तर सगळ्यांच्या आधी त्यांनाच ऐकू येई. एक मात्र झालं होतं, बाबा हल्ली फार हळू बोलत. "वय झालं, मवाळ झाले," असं म्हणून आईनं ते आनंदानं स्वीकारलं होतं.

शेवटी धाकटीनं मेकॅनिकला घरी बोलावलं. जुन्या अँपांचं काम करणारा हा माणूस भलता बडबड्या होता. त्यानं पेटी उघडली, व्हॉल्व्ह एकेक करून मीटरला लावून बघितले आणि पुन्हा जागेवर बसवले.

"व्हॉल्व्ह ठीक आहेत," तो म्हणाला.

"ठीक नकोत, मोठे हवेत," बाबा म्हणाले. "याच्या वरचा नंबर असतो ना? तो बसवा."

"बसेल. पण व्हॉल्व्ह म्हणजे जावई हो काका. नवीन आणला की घरातलं सगळं त्याच्या मापानं करावं लागतं. हा जास्त करंट खातो. ट्रान्सफॉर्मरला झेपतंय का बघायला हवं, बायस नव्यानं लावायला हवा."

"बायस म्हणजे?" धाकटीनं विचारलं.

"लगाम. व्हॉल्व्ह मोठा आणि लगाम जुनाच, तर तो स्वतःलाच जाळून घेतो. आतली पत्र्याची प्लेट लालभडक होते. घाई करू नका, पुढच्या आठवड्यात मी सामान घेऊन येतो. आणि काका, ही पेटी तुम्ही उघडायची नाही बरं का. प्लग काढला तरी कपॅसिटरच्या पोटात वीज साठलेली असते. माणूस आडवा होतो."

बाबांनी मान डोलावली. धाकटी मेकॅनिकला जिन्यापर्यंत सोडायला गेली तेव्हा त्यानं पायात बूट चढवता चढवता सहज म्हटलं, "अँपला काही झालेलं नाही, ताई. ठणठणीत आहे. ऐकणाऱ्याचं बघा एकदा."

ते वाक्य धाकटीला टोचत राहिलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करायची. हात सवयीनं चालत आणि डोक्यात तेच. चमचा पडलेला ऐकू येतो त्या माणसाला बेस ऐकू येत नाही, असं होईल कसं? आणि झालं असेल तर सांगायचं कुणी? तिनं आईला सांगून बघितलं.

"तूच सांग," आई म्हणाली. "तुझं ऐकतात."

"माझं कुठे ऐकतात? तू सांग."

"मी सांगितलं तर म्हणतील, तुला नाही कळायचं."

मग कुणीच सांगितलं नाही. बाबा बटण पिळत राहिले, काकू दांडा ठोकत राहिल्या.

त्या आठवड्यात एका सकाळी दुकानात धाकटीचा फोन वाजला.

"काही विशेष नाही," बाबांचा हळू आवाज आला. "आपला तो बारीक तोंडाचा पाना कुठे ठेवलास?"

"कशाला हवाय?"

"असंच."

"बाबा, पेटी उघडलीत?"

पलीकडे काहीतरी धातूचं खणखणलं. मग, "नवे व्हॉल्व्ह मी घेऊन आलोय. त्या मेकॅनिकची वाट बघत बसलो तर ड्रमवाला तिकडे पोचायचा. तू कामात असशील, ठेवतो."

तिनं पुन्हा फोन लावला. उचलला नाही. आईला लावला, तो घरातच कुठेतरी वाजत राहिला असणार. हातातली काच तिनं मशीनला लावली आणि घासून झाल्यावर लक्षात आलं की उजव्या डोळ्याची काच डाव्या मापानं कापली गेलीय. तिनं ती तशीच ट्रेमध्ये टाकली, मालकिणीला "घरी जाऊन येते" एवढंच सांगितलं आणि बाहेर पडली.

बस थांब्यावर उभं राहवेना, म्हणून ती चालू लागली. मधल्या चौकात मागून बस आली आणि तिच्या नाकासमोरून निघून गेली. मग ती धावली. सिग्नलला उभं राहताना तिला कपॅसिटरचं पोट दिसत होतं, बाबांचा हात दिसत होता, बोटात अंगठी. अंगठी काढली असेल का? जिना चढताना तिची चप्पल निसटली, ती तिथेच राहिली.

दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर अँपचं लोखंडी धड उलटं करून ठेवलेलं, चार नवे व्हॉल्व्ह बसवलेले, जुने चार बाजूला बशीत. बाबांच्या हातात आईचे भांडी घासायचे रबरी हातमोजे. आई भिंतीपाशी, बटणावर बोट ठेवून, लढाईवर निघाल्यासारखी उभी.

"हात लावू नका!" धाकटी ओरडली.

"लागलेत सगळे," बाबा म्हणाले. "मला काय तू कुकुलं बाळ समजतेस? आयुष्यभर वाजवलाय हा अँप."

"वाजवलाय. उघडला नव्हता कधी."

"लाव गं," बाबा आईला म्हणाले, आणि आईनं सवयीनं बटण दाबलं.

व्हॉल्व्ह आधी मंद उजळले. मग स्पीकरमधून घरघर सुरू झाली. बघता बघता ती वाढली, खोली भरली, फरशीतून तळपायात शिरली. एक पेला कपाटातून घरंगळत खाली आला आणि फुटला. आईनं दोन्ही हात कानांवर ठेवले. खालून दांड्याचे दणके.

बाबा स्पीकरजवळ वाकले होते. कान जाळीला टेकवला होता. "अगदी बारीक गुणगुण येतेय," ते म्हणाले. "अजून तापायचे असतील."

काचेच्या आतली एक प्लेट कडेनं लाल होत होती. मग दुसरी. धाकटीनं प्लग ओढून काढला.

घरघर विरली. बाबा वाकलेल्या अवस्थेतच मान वळवून चिडून म्हणाले, "बंद का केलास?" आणि मग त्यांना आई दिसली, कान गच्च दाबून, डोळे मिटून उभी. फुटलेला पेला दिसला. धाकटीचा चेहरा दिसला. ते त्या दोघींकडे आणि त्या काचांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"आवाज मोठा होता?"

धाकटीनं मान डोलावली.

"किती?"

"बाबा, घर हलत होतं."

ते खुर्चीवर बसले. रबरी हातमोजे एक एक बोट ओढून काढले. "तुला माहीत होतं?"

"मेकॅनिक म्हणाला होता. अँप चांगला आहे म्हणून."

"आणि तू मला व्हॉल्व्ह आणू दिलेस. मी मूर्खासारखा बटण पिळतोय, तुम्ही दोघी बघताय."

"बोलवेना."

"हं," बाबा म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढचे दिवस वाईट गेले. बाबांनी गिटारला हात लावला नाही. घर इतकं शांत झालं की खालच्या काकू स्वतः वर आल्या आणि सगळं ठीक आहे ना म्हणून विचारून गेल्या. बाबा खिडकीपाशी उभे राहत, तिथून दाराशी येत, दारातून पुन्हा खिडकीशी. ड्रमवाल्याचा फोन आला की "बघू" म्हणत. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की तोंड फिरवत. शेवटी आईनं एक दिवस त्यांचा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवला आणि म्हणाली, "मी रिक्षा बोलावलीय. आता ती परत पाठवायची तर तुम्हीच खाली जाऊन पाठवा." बाबा शर्ट घालून खाली गेले आणि रिक्षात बसले.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बऱ्याच तपासण्या झाल्यावर त्यांनी एक दोन दांड्यांचा धातूचा चिमटा टेबलाच्या कडेला आपटून बाबांच्या कानासमोर धरला. तो खालच्या सुरात घुमत होता.

"ऐकू येतंय?"

"जेमतेम."

मग त्यांनी त्याचंच बूड कानामागच्या हाडाला टेकवलं. बाबा दचकले. डोळे मोठे झाले. धाकटीला वाटलं, दुखलं काही.

"येतोय," बाबा म्हणाले. "हा… हा येतोय की!"

कानातलं एक इवलंसं हाड आखडल्या सांध्यासारखं जागच्या जागी धरून बसलंय, बाईंनी समजावलं. हवेतून येणारा आवाज तिथे अडतो, खालचे सूर आधी. आतला कान मात्र अजून शाबूत. स्वतःचा आवाज हाडांतून मोठा ऐकू येतो, म्हणून असे लोक हळू बोलू लागतात. ऑपरेशन करता येईल, पण हमी नाही.

आईचा चेहरा पडला. मवाळपणाचं रहस्य असं निघालं होतं.

ऑपरेशन पुढे झालं, एका कानाचं, आणि बरंचसं साधलंही. पण त्या दिवशी बाबांना ऑपरेशनचं काही ऐकायचं नव्हतं. घरी आल्या आल्या, चप्पल पायात तशीच, त्यांनी गिटार मांडीवर घेतली, मान वाकडी करून तिच्या वरच्या, शिंगासारख्या लाकडी टोकाला जबडा टेकवला आणि जाड तार छेडली. अँप जोडलेला नव्हता. धाकटीला नुसती तारेची फडफड ऐकू आली. बाबांनी पुन्हा छेडली. पुन्हा. डोळ्यांत पाणी आलं तरी पुसलं नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

मेकॅनिक आला तेव्हा धाकटीनं त्याला सगळा पराक्रम सांगितला. त्यानं कपाळाला हात लावला. नव्या व्हॉल्व्हपैकी दोन कामातून गेले होते.

"जुनेच लावून देतो," तो म्हणाला. "तेच बरे."

"छे. मोठेच बसवा," बाबा म्हणाले.

"अहो, आता मोठे कशाला?" आई म्हणाली. "तुम्हाला तर हाडातून ऐकू येतंय!"

"माझ्यासाठी नाही, ड्रमवाल्यासाठी. इतकी वर्षं ड्रम बडवून तो अर्धा बहिरा झालाय. त्याला काही चिमटेबिमटे लागू पडायचे नाहीत."

मेकॅनिकनं दोन व्हॉल्व्ह नवे आणले, चारही एका मापाचे जुळवून घेतले, बायसचा लगाम आवळला, ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बराच वेळ बसला. बाबा त्याच्या मागे येरझाऱ्या घालत होते. "झालं?" म्हणत होते. "आता झालं?" शेवटी मेकॅनिकनं त्यांना खाली दुकानातून काहीतरी आणायला पाठवलं. काय, ते त्यानं नीट सांगितलंच नाही.

हॉल पूर्वीपेक्षा लहान वाटतोय, असं चौघांनीही म्हटलं. खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. घरचीच माणसं होती, काही जुने नाचणारे. बाबांनी गिटारला जबडा टेकवला तसा ड्रमवाला रिकामं पिंप गडगडावं तसा हसला.

"काय रे खर्जराव, वाजवतोयस की चावतोयस?"

"तू ताल मोज," बाबा म्हणाले.

धाकटी अँपच्या मागे उभी राहिली. तिला समोर जाऊन ऐकायचं होतं, पण व्हॉल्व्हवरून नजर हलवता येईना. कुठे लाल कड दिसते का, एवढंच ती बघत होती. दिसली नाही. नारिंगी उजेड स्थिर होता आणि आवाज जमिनीतून भरून येत होता, गोल, दमदार. बाबा अधूनमधून तिच्याकडे बघून भुवई उंचावत. ती हातानं खूण करी, थोडं कमी, आता ठीक. ते निमूटपणे ऐकत. ड्रमवाला मात्र "वाढव, वाढव" म्हणून काठी हवेत नाचवत होता.

हळूहळू बाबांची लय वाढू लागली. ड्रमवाला मागे पडेना, गाणाऱ्याची मात्र दमछाक झाली. गाणं संपलं तेव्हा दारात ड्रमवाल्याचा मुलगा येऊन उभा होता. सामान गाडीत चढवून झालं होतं, मनगटावरचं घड्याळ तो सगळ्यांना दिसेल असं धरून होता. ड्रमवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. पियानोवाल्यानं झाकण लावायला हात उचलला.

बाबांनी कुणाला न विचारता पुढच्या गाण्याची तार छेडली.